फळ्यावरची अकराची वेळ

गुडघाभर पाण्यात अख्खी गल्ली हात जोडून उभी होती आणि पाणीबाबा काठीने पाण्याला दटावत होता, "माघारी फीर!" गेल्या तीन पुरांत ते बाबाच्या शब्दाबरोबर खरंच फिरलं होतं. त्यामुळे सुरक्षित जागी न्यायला आलेला ट्रक गल्लीच्या तोंडाशी रिकामाच उभा होता.

पंपघरातली पंपवाली गर्दीत आईला शोधत आली तेव्हा तिची पाचावर धारण बसली होती. वरून पाऊस कोसळत होता आणि समुद्राला भरती होती. भरती ओसरेपर्यंत नाल्याचा दरवाजा उघडता येत नाही, नाहीतर समुद्रच शहरात घुसतो. आईचं घर तळमजल्यावर, गुडघे दुखरे, आणि उभी मात्र सगळ्यांच्या पुढे.

"आई, चल, ट्रक थांबलाय."

"बाबा म्हणालेत, अकराला उतरणार. मी नाही हलत."

अकरा ऐकून पंपवालीला फळा आठवला. पंपघराबाहेरच्या फळ्यावर दरवाजा उघडण्याची वेळ ती रोज खडूने लिहायची. गल्लीतल्या कुणी तिकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. एकाने मात्र नेमाने पाहिलं होतं. आज तुंबलेला पंप सोडवण्याच्या धांदलीत ती फळा पुसायलाच विसरली होती. अकरा ही कालची वेळ होती. भरती-ओहोटी रोज पाऊण तासाने पुढे सरकते.

अकरा वाजले. बाबाने काठी आपटली. पाणी मांड्यांना लागलं.

कुणाच्या तरी मनात पाप आहे, असं म्हणत बाबाने पंपवालीकडे बोट दाखवलं. गर्दी वळली. ती पुढे येऊन बोलली.

"पाप नाही, चूक आहे. माझी. फळ्यावर कालची वेळ राहिली आणि यांनी तीच वाचली. दरवाजा पावणेबाराला उघडेल. तोवर पाणी चढणारच."

सगळ्यांआधी ट्रकमध्ये चढला तो बाबा. त्याला पाहून आईने मुकाट्याने लेकीचा हात धरला. तिला वर घेतलं तेव्हा पाणी कमरेला होतं.

पावणेबाराला पंपवालीच्या पंपघरातल्या जोडीदाराने दरवाजा उघडला आणि कुणी न दटावता पाणी उतरू लागलं. आईच्या घरात भिंतीवरची ओल खाटेच्या हातभर वर होती. ती पाहून पंपवालीला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर गर्दी होती आणि आई पुढे.

"तारीख कुठंय?" तिने विचारलं.

पंपवालीने निमूट खडू उचलला. चूक फळ्याचीही होते, पण फळ्याला जाब विचारता येतो. जिथे विचारायची सोय नाही, तिथे आपला जीव गहाण टाकू नये.