तिसरा शनिवार

शरणप्पा सरांनी तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. शनिवारची मीटिंग होती आणि आजही नाव दुसऱ्याचंच पुकारलं होतं.

लातूरचा हा क्लास बाहेरच्या कंपनीने घेतल्यापासून नवा मॅनेजर आलोक कुणावर आवाज चढवत नसे. ॲपवर आलेल्या विद्यार्थ्यांच्या शंका जो सर्वांत झटपट मिटवी, त्याच्या ओळखपत्रावर तो हौसेने हिरवा ठिपका चिकटवी. मागे पडणाऱ्याला चकार शब्द नाही. गुरुपादप्पा सरांनाही तो काही बोलला नव्हता. तीन शनिवार त्यांचं नाव आलं नाही आणि सोमवारी ते वेळापत्रकातूनच गेले. शरणप्पांचा हा दुसरा कोरा शनिवार.

खोड त्यांची एकच. शंका आली की पोरांना जिन्यावर घेऊन बसायचं आणि समजेपर्यंत सोडायचं नाही. बावीस वर्षं रसायनशास्त्र असंच शिकवलं. पण जिन्यावरची शंका ॲपला दिसत नव्हती.

त्या आठवड्यात ते जिन्यावर बसलेच नाहीत. दोन ओळींचं उत्तर टाकायचं, 'शंका मिटली' दाबायचं, की पुढची. लाज वाटत होती, पण भीती तिच्यापेक्षा भारी होती.

तिसऱ्या शनिवारी त्यांचं नाव पुकारलं.

"वा, सर! असंच चालू द्या," आलोक म्हणाला. टाळ्या पडल्या तसे सरांचे डोळे भरून आले, आणि त्याचाच त्यांना संताप आला.

जिन्याखाली हिमायतनगरची मनस्विनी उभी होती. तिची एकच शंका त्यांनी तीनदा नीट न वाचताच मिटवली होती. आज सकाळी तिने ती चौथ्यांदा टाकली होती. सर पायरीवर बसले.

"ये. काढ वही. कुठं अडलंय?"

ती बसली नाही.

"न्हाई सर. समजलं."

"समजलं कसं? चारदा इचारलीस की. भिऊ नको, सांग."

"खरंच समजलं, सर." तिचा आवाज बारीक झाला. "शंका उघडी ऱ्हायली की पोरींला खालच्या बॅचला टाकून राहिले. आत्ताच दोघी गेल्या. घरी काय सांगू म्या? सर, तेवढी मिटवता का?"

सरांनी एकदा वर मीटिंगच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग खिशातून मोबाईल काढला.