मानांग पुरिंगची मोजणी

"हात काढू नकोस, तोतो. मी सांगेपर्यंत काढायचा नाही," नर्स पुरिंग म्हणाली.

क्रिस्पिनने हात काढला नाही. इथे कुठल्याही पोरग्याला तोतो म्हणत आणि वयाने मोठ्या बाईला मानांग. पिकअपच्या हौद्यातून तो भावासकट ट्रॉलीवर आला होता. भावाच्या मांड्यांच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकलेले, दोन्ही तळवे त्याच्या पोटावर रोवलेले. ट्रॉली ऑपरेशन थिएटरच्या दाराशी पोचली तरी बोटांच्या फटींतून रक्त येतच होतं. जळक्या उसाची काजळी मिसळून ते काळं दिसत होतं.

"कशाने?" पुरिंगने विचारलं.

"कोयत्याने. ट्रक आधी कुणाचा भरायचा यावरून. हा एल्मो नुसता मध्ये पडला." क्रिस्पिनने श्वास घेतला. "कोयतेवाल्याचाही कान उडवला मी. मानेवर नेम होता, सटकला."

"बरं. आता उतर."

"मानांग, हा गेला तर तुमच्यातलाही एक जाईल. आत्ताच सांगून ठेवतो."

"ऐकलं मी. उतर आता, दार अरुंद आहे."

तो उतरला. दार बंद झालं आणि पाठोपाठ बाहेर काच फुटल्याचा आवाज आला. पहारेकऱ्याकडे नुसती काठी होती. पुरिंगने मागे वळून पाहिलं नाही. निग्रोस बेटावरच्या या जिल्हा इस्पितळात ती एकोणतीस वर्षं ऑपरेशनच्या टेबलाशी उभी होती. ऊसतोडीच्या हंगामात काचा फुटतात, मार्चनंतर नव्या बसवतात.

डॉक वेना हात धुऊन आल्या. वय चौतीस. मनिलात शिकून इथे येऊन त्यांना सात महिने झाले होते. "चाळीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "त्यानंतर मी शिवायला काही मागितलं तरी देऊ नका, मानांग."

हे नवीन होतं. आधीचे मोठे डॉक्टर चार-चार तास शिवत बसत. टाके सुरेख असत. अशा सुरेख टाक्यांची कितीतरी माणसं पुरिंगने चादरीत गुंडाळून खाली पाठवली होती. डॉक वेनांचं म्हणणं वेगळं होतं. इतकं रक्त गेलेलं माणूस गार पडत जातं, गार पडलं की रक्त गोठेनासं होतं, मग कितीही शिवा. म्हणून फक्त रक्त थांबवायचं, पोट उघडंच ठेवून बाहेर पडायचं, माणसाला ऊब द्यायची आणि दोन दिवसांनी परत आत जायचं.

पोट उघडलं तसं रक्त काठापर्यंत वर आलं आणि टेबलावरून डॉकच्या बुटांत उतरलं. यकृताची उजवी बाजू चिरून दोन भाग झाले होते. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी रक्तदाबाचा आकडा सांगितला. तो फार कमी होता. डॉक वेनांनी दोन्ही हातांनी यकृत मिटून धरलं.

"मॉप."

मॉप म्हणजे हातभर चौरस, चार पदरी जाळीच्या कापडाची घडी. एका कोपऱ्याला फीत शिवलेली असते. पोटात मॉप खोलवर कोंबतात आणि फीत बाहेर लोंबती ठेवतात, म्हणजे काढताना हरवत नाही. पुरिंग मॉप देई आणि आकडा मोठ्याने म्हणे. तरुण नर्स जोनाली भिंतीवरच्या फळ्यावर एकेक रेघ ओढे.

"चार."

"पाच."

"मागे बसत नाहीये. लहान द्या. लवकर."

पुरिंगच्या कात्रीने मॉप मधोमध कापला. तिने अर्धा दिला. डॉकचा हात आत गेला आणि तसाच रिकामा परत आला. तिने उरलेला अर्धा त्यात ठेवला.

"सहा."

रेघ पडली. मग सात आणि आठ. सलाईनची मोठी रिकामी पिशवी फाडून उघड्या पोटावर, जखमेच्या कडांना शिवली. घड्याळात सदतीस मिनिटं झाली होती. जोनालीने एल्मोच्या छातीवर चिकटपट्टी लावून तीवर लिहिलं: आत आठ मॉप.

दोन दिवस एल्मोने तग धरला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला परत घेतलं. कोमट सलाईन ओतत, एकेक फीत धरून, डॉक वेनांनी काळेठिक्कर बोळे बाहेर काढले. पुरिंगने ते तबकात घेतले.

"आठ," ती म्हणाली.

"बरोबर?"

"बरोबर."

यकृत कोरडं होतं. डॉकने ते बराच वेळ पाहिलं. मग पोट शिवून टाकलं.

दुपारी मागच्या खोलीत पुरिंगने पान्सितच्या शेवया आणल्या. तबक मध्ये ठेवून सगळे उभ्याउभ्या खात होते.

"डॉक, इथे असं पहिल्यांदाच जमलं," जोनाली म्हणाली. "आता तुम्हाला शहरात बोलावून घेतील."

"घेतील तेव्हा घेतील. आधी लिंबू इकडे दे."

"मानांगने मोठ्या डॉक्टरांना कधी असं खायला दिलं नव्हतं, माहितेय?"

"ते स्वतःहून घ्यायचे," पुरिंग म्हणाली. सगळे हसले.

तेवढ्यात दारात लेतिंग आली. मागच्या अंगणात ड्रममध्ये चादरी आणि मॉप उकळायचं काम तिच्याकडे होतं. इथले मॉप टाकून देत नसत. धुऊन, वाळवून, वाफवून पुन्हा वापरत. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते.

"मानांग, जरा बाहेर या."

दोरीवर आठ घड्या वाळत होत्या. सात पूर्ण, एक अर्धी. अर्धीला फीत होती.

"फाटलेला नाही," लेतिंग म्हणाली. "कापलाय. मी जोडी शोधली, नाही मिळाली."

"परवाच्या बादल्यांत असेल."

"परवा रक्त टिपलेले अकरा मीच धुतले. सगळे पूर्ण होते. घड्या घालून कपाटात ठेवलेत, दाखवू?"

पुरिंग दोरीसमोर उभी राहिली. ती नव्याने नोकरीला लागली तेव्हा कपाटातून दहा मॉप मिळायचे आणि त्यावर आठवडा काढावा लागे. मग कापायचे. दोन अर्धे म्हणजे एक. कपाटात एकच कमी झालेला असतो. हे तिनेच पुढच्या सगळ्या पोरींना शिकवलं होतं. त्या दिवशी तिच्या तोंडाने कपाटाची मोजणी म्हटली होती, पोटाची नाही. ज्या अर्ध्याला फीत नव्हती तो मागे राहिला होता.

लेतिंगने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी काही पाहिलं नाही, मानांग. तो जगतोय ना? एवढंसं कापड. आतल्या आत सुकून जाईल."

"कापड सुकत नाही, लेतिंग. सडतं."

तिने ओला अर्धा मॉप दोरीवरून काढला आणि आत नेला. खोलीत आता फक्त डॉक वेना होत्या. बशी पुसत होत्या.

"डॉक, एक आत आहे."

डॉकने कापड पाहिलं, मग तिच्याकडे. "तुम्ही आठ म्हणालात. दोन्ही वेळा."

"म्हणाले. पण नऊ तुकडे होते. मी एक कापला आणि दोन्ही भाग तुमच्या हातात दिले."

"खात्री आहे?"

"कापल्याची आहे. दुसरा भाग दिल्याची..." पुरिंगने उजवा हात किंचित पुढे केला, टेबलाशी करत असे तसा. "हाताला आठवतंय."

"एक्स-रे?"

"आपलं कापड एक्स-रेत दिसत नाही. इथेच शिवतात. शहरातल्या मॉपमधली ती एक्स-रेत दिसणारी दोरी यात नसते."

डॉक वेना खुर्चीवर बसल्या. "म्हणजे तुमच्या हाताला आठवतंय म्हणून मी त्याला परत उघडायचं. ते लिव्हर आत्ता कुठे धरलंय, मानांग. मागे काही ओढलं तर सगळं पुन्हा फुटेल. आणि रक्ताची एकच पिशवी आहे."

"हो."

"आणि तुमचा हात चुकत असेल तर?"

"तर माझ्यामुळे एक माणूस विनाकारण कापला जाईल. आणि नाही उघडलं तर पंधरा दिवसांत पू होऊन जाईल. तेव्हाही माझ्यामुळेच."

डॉकने खिडकीबाहेर पाहिलं. दोरीवरचे मॉप वाऱ्याने हलत होते. "मला त्या लोंबत्या फितीच दिसत होत्या," त्या हळू म्हणाल्या. "दोनदा घेतला ते माझ्या हाताला आठवत नाही." मग उठल्या. "बाहेर भाऊ बसलाय."

"मी सांगते."

"ऑपरेशन झाल्यावर सांगू. दोघी मिळून."

"आधी सांगायचं, डॉक. माणूस त्याचा आहे."

क्रिस्पिन बाकावर बसून भात खात होता. तीन दिवसांनी पहिल्यांदाच त्याने तोंड धुतलेलं दिसत होतं. पुरिंग त्याच्यासमोर उभी राहिली आणि जेवढं होतं तेवढं सांगितलं. चूक कुणाची, तेही.

"आत कापड," तो म्हणाला.

"हो, तोतो."

"तुम्ही ठेवलं."

"मी दिलं. मी मोजलं नाही."

"काढताना जाऊ शकतो?"

"जाऊ शकतो."

त्याने भाताचा डबा शेजारी ठेवला, झाकण लावलं, उठला आणि उघड्या हाताने तिच्या तोंडावर मारलं. ती भिंतीवर आपटून खाली बसली. चष्मा फरशीवर घसरत गेला. पहारेकऱ्याने काठी त्याच्या गुडघ्यामागे घातली, त्याला पाडलं आणि पाठीवर गुडघा दिला. क्रिस्पिन सुटायला धडपडला नाही. गाल फरशीला लागलेला, तसाच म्हणाला, "ज्याचा कान उडवला, त्याला निदान मी शिव्या तरी दिल्या होत्या. तुम्हाला काय म्हणू?"

"सोड त्याला," पुरिंग म्हणाली. तोंडात रक्त आलं होतं, ते तिने गिळलं. "तोतो, रक्त लागेल. तुझं तपासलेलं आहे, त्याला चालतं. देशील?"

त्याने दंड पुढे केला. संमतीच्या कागदावर अंगठा उठवला.

थिएटरमध्ये जोनालीने अंगरखा घातला होता. डॉक वेनांनी तिला बाजूला केलं. "मानांग उभ्या राहतील. कुठे दिला ते त्यांनाच माहीत आहे." पुरिंगच्या सुजलेल्या गालाबद्दल कुणी काही विचारलं नाही. चष्म्याच्या एका भिंगाला तडा गेला होता. ती दुसऱ्याने पाहत होती.

सकाळचे टाके दुपारी तोडले. डॉकचा हात यकृतावरून मागे सरकला, छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या दिशेने.

"इथे काही नाही."

"अजून मागे. तुमचा अंगठा वर होता तेव्हा."

"नाही, मानांग."

"वर. अंगठा वर."

डॉकने मनगट वळवलं. मग थांबल्या. "आहे," त्या म्हणाल्या. "चिकटलाय."

कोमट सलाईन ओतत दहा मिनिटं त्या कापड सोडवत राहिल्या. ते सुटलं आणि त्याच क्षणी मागून रक्ताची धार आली, पहिल्या दिवसासारखी. आकडा घसरला. डॉक वेनांनी दोन्ही तळहातांनी यकृत मागे दाबलं आणि कोपरं ताठ केली. क्रिस्पिनच्या दंडातून नुकतीच काढलेली पिशवी, अजून कोमट, वर टांगली. त्यातलं रक्त नळीतून उतरू लागलं. डॉकचे खांदे थरथरायला लागले तेव्हा पुरिंगने आपले हात त्यांच्या हातांवर ठेवून भार दिला. पंचवीस मिनिटं कुणी हललं नाही. मग डॉकने एकेक बोट उचललं. धार नव्हती.

एल्मो टेबलावर दगावला नाही. एवढंच त्या दुपारी कळलं.

श्वास देणारं यंत्र इस्पितळात एकच होतं. ते सकाळपासून एका बाळंतिणीला लावलेलं होतं. म्हणून एल्मोच्या घशातल्या नळीला रबरी फुगा जोडला. अशा वेळी फुगा घरचे दाबतात, पाळीपाळीने. घरचा एकच होता. पहारेकरी क्रिस्पिनला घेऊन आला. पुरिंग फुगा दाबत बसली होती.

"सरका," क्रिस्पिन म्हणाला. "तुम्ही हात लावायचा नाही त्याला."

ती सरकली. तो बसला. फुगा मुठीत धरून रागारागाने दाबायला लागला, भराभर. एल्मोची छाती उडत होती, खाली बसायला वेळच मिळत नव्हता. पुरिंग दारापर्यंत गेली होती. ती उंबरठ्यावर थांबली.

"हळू, तोतो."

त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"त्याच्याकडे बघून दाबू नकोस. स्वतःच्या श्वासाकडे बघ. तू घेशील तेव्हा त्याला दे. तू सोडशील तेव्हा सोड."

त्याची मूठ थांबली. त्याने खोल श्वास घेतला आणि फुगा दाबला. सोडला. पुन्हा घेतला. दंडावर रक्त काढलेल्या जागी चिकटवलेला कापूस वर-खाली होत होता. थोड्या वेळाने दोघांच्या छात्या एका वेळी वर यायला लागल्या, एका वेळी खाली जायला लागल्या. क्रिस्पिनने दाराकडे मान वळवली नाही आणि तिला जायलाही सांगितलं नाही. बदली नर्स आली, पाळी संपल्याची घंटा झाली. पुरिंग उंबरठ्याच्या बाहेर, एका हाताने चौकट धरून, उभीच होती.