मुंगीच्या गालाचा आळ

मित्रांनो, मी एक जुने सुती पांघरूण आहे. खरे तर 'होते' म्हणायला हवे. आता फुलांच्या दुकानात मला 'ते फडके' म्हणतात आणि मोठ्या टेबलावर ओल्या देठांखाली अंथरतात. माझ्यावर एक आळ आला होता. तो खोटा होता. तरी मी अजून इथेच का आहे, ते ऐका.

मला शिवले मुंगीच्या बाबांनी. मुंगी तेव्हा आईच्या पोटात होती. बाबांचा धंदा फुलांचा. गुच्छ बांधणाऱ्या हातांना सुई काय पेलणार! टाके वाकडेतिकडे पडले आणि चारही कोपऱ्यांना त्यांनी गुच्छाला मारतात तशा पक्क्या गाठी मारल्या. आई हसून लोटपोट झाली. "पांघरूण आहे की पार्सल?" पण मुंगी जन्मली आणि त्या गाठींचे सोने झाले. एक गाठ मुठीत धरल्याशिवाय ती झोपायची नाही. सांडलेले दूध मी टिपले, वाहते नाक मलाच पुसले. येणाऱ्याजाणाऱ्याला बाबा सांगायचे, "मी शिवलंय हं!" तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे, पांघरुणाला चढते तेवढे.

मग मुंगीच्या गालावर पुरळ उठले. उजव्या गालावर, कानाखाली, मानेपर्यंत, लालभडक. जरा बरे व्हायचे की पुन्हा उठायचे. पोर खाजवून खाजवून रक्त काढायची. आईने हातांना मोजे चढवले, तर मोज्यांनीच गाल घासायची. त्यात जितकी तोंडे तितकी मते. साबण बदलला. अंडे बंद झाले. मग दूधही बंद झाले आणि गुटगुटीत मुंगीचे हात काडीसारखे दिसू लागले. आई अगदी रडकुंडीला आली होती.

एका सकाळी बाबा माझ्याकडे टक लावून बघत राहिले. "हेच असणार. दिवसभर गालाला लावून असते."

"अरे, तूच शिवलंयस ना ते?" आई म्हणाली.

"म्हणूनच सांगतोय. काय कापड होतं कोण जाणे!"

परक्याने घेतलेला आळ झटकून टाकता येतो, मित्रांनो. पण ज्याने टाका न् टाका घातला, त्यानेच असे म्हणावे! मला फार लागले ते. त्यांनी मुंगीच्या मुठीतून गाठ सोडवली. तिने हंबरडा फोडला. बाबा त्याच दिवशी रोपे निवडायला परगावी निघाले होते. जाता जाता त्यांनी मला दुकानात मुंगीच्या आत्यापुढे टाकले. "ताई, पुसायला घे हे."

बाबा परगावी होते तोवर मुंगीचा गाल साफ बरा झाला. आईने फोनवर सांगितले तशी आत्या मोठ्याने म्हणाली, "म्हणजे पांघरूणच होतं तर!" बाबा परतले ते मिशीत हसतच. "सापडला की नाही चोर?" म्हणाले, आणि मला कात्री पुसली.

पण थोड्याच दिवसांत पुरळ पुन्हा उठले. आणि मी तर दुकानात! मला वाटले, आता यांचे डोळे उघडतील, कोणीतरी मला न्यायला येईल. बाबा काय म्हणाले असतील? "त्याचे धागे राहिले असतील घरात कुठेतरी." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच.

शेवटी आई मुंगीला नव्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मग मुंगीला शेजाऱ्यांकडे ठेवून तडक दुकानात आली.

"त्या म्हणाल्या, दूध काय एकट्या उजव्या गालानं पिते का? साबण दोन्ही गालांना लागतो ना? मग एकच गाल का? हा गाल टेकतो कुठे ते बघा, म्हणाल्या..."

बोलता बोलता ती थांबली. बाबा नेहमीसारखे काम करत होते. उजवा हात कात्रीला मोकळा हवा, म्हणून शेवंतीचा भारा डाव्या खांद्यावर. चुरगळलेल्या पानांचा हिरवा रस सदऱ्यात मुरत होता. त्याच सदऱ्याने ते घरी जात आणि चपला काढायच्या आधी मुंगीला उचलून घेत. मुंगी मान टाकायची ती त्याच खांद्यावर.

"हलू नकोस," आई म्हणाली. "हा खांदा."

आत्याने आपली चिरलेली बोटे पुढे धरली. "शेवंती आली की माझीही बोटं फुटतात गं. मला वाटायचं, पाण्यानं."

बाबा पालथ्या बादलीवर मटकन बसले. "आणि मी परगावी होतो तेव्हा..."

"तेव्हाच बरी होती ती."

बाबा ढसाढसा रडले. डोळे पुसायला हात कोरडे हवेत, म्हणून त्यांनी ते मलाच पुसले. माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही.

डॉक्टरीणबाईंनी तपासून तेच सांगितले. आता बाबा दुकानातच सदरा बदलतात, घरी गेल्यावर आधी अंघोळ करतात, मगच लेकीला घेतात. पुरळ गेले ते गेलेच. मुंगीचे दूध सुरू झाले, अंडे सुरू झाले, गाल पुन्हा भरले. मी मात्र टेबलावर होते तिथेच.

परवा आई तिला कडेवर घेऊन दुकानाच्या दारात आली. इतक्या डागांतूनही मुंगीने माझी गाठ ओळखली. "माझं! माझं!"

बाबांना तेव्हा कुठे मी आठवले. त्यांनी मला झटकन उचलले. "अगं, याचा तर काहीच दोष नव्हता!" हे वाक्य ऐकायला मी किती दिवस कान लावून बसले होते!

"थांब!" आई ओरडली. "इतके दिवस शेवंतीच्या चिकात लोळलंय ते."

"सात पाण्यांनी धुतो."

"आणि तरी राहिलं तर? परीक्षा तिच्या गालावर घेणार?"

बाबांचा हात खाली आला. आईचे काही चुकले नव्हते. घरात होते तेव्हा मी निर्दोष होते. शिक्षा म्हणून मला इथे टाकले, आणि त्या शिक्षेनेच मला गुन्हेगार केले. मुंगीचा हात अजून पुढे होता. ज्या हातासाठी मी जीव टाकत होते, त्याच हातापासून मी अंग चोरले आणि टेबलाखाली घसरले.

म्हणून सांगते, मित्रांनो, घरातले काही टाकून देताना आधी विचारा, दोष खरेच त्याचा आहे, की ते मुके आहे म्हणून त्याच्या माथी मारलाय? आळ मागे घेता येतो. पण तोवर टाकलेल्याचे काय होऊन बसते, ते सात पाण्यांनीही धुतले जात नाही.

मुंगीला आता विकतचे नवे पांघरूण आहे. त्याला गाठी नाहीत म्हणे. एक तरी मारून द्या हो कोणीतरी तिला.