सगळ्यांनी ऐकलेला पक्षी

माझा नवरा एलिसेओ मेक्सिकोच्या सीमेलगतच्या बिग बेंडच्या डोंगरघळींमधून लोकांना पक्षी दाखवत हिंडतो. या कामात पक्षी आधी कानाने धरायचा असतो, डोळ्यांचं काम नंतर. आणि एलिसेओचे कान बारीक आवाजाला कधीच मुकलेत. यंत्र लाव म्हटलं की फुरंगटून बसतो. वर त्याचा बाणा असा, की ज्या वसंतात कोलिमा ऐकू येणार नाही, त्या वसंतात दुर्बीण खुंटीला टांगायची.

कोलिमा म्हणजे मूठभर राखाडी पाखरू. उन्हाळ्यापुरतं मेक्सिकोतून येतं आणि आख्ख्या देशात आमचेच डोंगर सोडून कुठे घरटं करत नाही. लोक लांबलांबून येतात ते त्याच्यासाठी. दुर्बीण खुंटीला गेली तर हा माणूस दिवसभर माझ्या राजम्याच्या पातेल्यात नाक खुपसणार आणि रात्री भिंतीकडे तोंड करून झुरणार. ते मला बघवलं नसतं. म्हणून शिदोरी उचलायच्या निमित्ताने मी बरोबर जाते. कोलिमा गायला की मागून हळूच त्याचा शर्ट ओढते, आणि तो हात वर करून म्हणतो, "ऐका." या ओढण्याबद्दल आम्ही आजवर एक अक्षर बोललेलो नाही.

त्या शनिवारी घोळक्यात सगळी पिकली पानंच होती. अल्पाइन गावच्या निवृत्त मास्तरीणबाई लोरीन आणि आमच्याकडच्याच ओडेसात जन्मभर तेलाच्या विहिरी खोदलेला वेंडेल, हे दोघे त्यांचे म्होरके. धापा टाकत ‘बूट’ नावाच्या घळीत पोचलो. तिथल्या निळ्या पक्ष्यांनी थोडा वेळ कलकलाट केला आणि मग सगळं चिडीचूप झालं. तेवढ्यात माझा पाय गोट्यावरून सटकला. तोल सावरायला जे हाताला लागलं ते धरलं, आणि तो नेमका एलिसेओचा शर्ट होता.

त्याने हात वर केला. "ऐका. कोलिमा."

घळीत पान हलत नव्हतं. लोरीनबाईंनी डोळे मिटून मान डोलावली. वेंडेल म्हणाला, एकदम स्वच्छ येतोय. मागचे म्हणाले, वा, काय गळा आहे. मी ओठ चावून हसू दाबत होते, पण शेवटी ते फुटलंच, आणि मी तिथेच खाली बसले.

एलिसेओने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. चेहरा पार उतरला. गळ्यातली दुर्बीण काढून त्याने माझ्या मांडीवर ठेवली.

"पक्षी नव्हताच," तो सगळ्यांना म्हणाला. "मला ऐकू येत नाही. संपलं माझं."

माझं हसू जागच्या जागी विरलं. स्वतःचाच राग आला.

लोरीनबाई काठीवर रेलल्या. "मग मी कशाला मान डोलावली, ते विचार की. सत्तरी ओलांडल्यापासून मी नुसती डोलावतेच आहे."

वेंडेलने कबूल केलं की त्याचे कान विहिरींनीच खाल्ले. मागच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळे असे हसत सुटले की ते निळे पक्षी पुन्हा ओरडू लागले. एलिसेओ मात्र हसला नाही.

आणि हसणं ओसरताना कोलिमा खरोखरच गायला. भरभर सुरांची लड, शेवटी किंचित खाली उतरणारी. माझा हात सवयीने शर्टाकडे गेला. मग मी तो मागे घेतला आणि मोठ्याने म्हणाले, "गातोय. डावीकडच्या ओकात, वर."

सगळी डोकी माझ्याकडे वळली. एलिसेओने मांडीवरची दुर्बीण उचलली आणि क्षणात फांदी हेरली. त्या पाखराची बसायची जागा त्याच्याइतकी कुणाला ठाऊक? एकेकाच्या खांद्याला धरून त्याने ते दाखवलं. लोरीनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

उतरताना पावलापावलाला विचारणा, ओफेलिया, आता काय ऐकू येतंय? मी ओरडून सांगायची, एलिसेओ बोट दाखवायचा. पायथ्याशी येईतो माझा घसा बसला.

"जन्मभर बोलत आलीस, म्हातारे," तो म्हणाला, "आज पहिल्यांदा कामाचं बोललीस."

मी त्याला कोपर मारलं. थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, येत्या शनिवारी जरा लवकर निघू, ऊन फार होतं.

मला तेवढंच ऐकायचं होतं.