सोमलाचा दगड

मित्रांनो, माझ्या अंगात विष आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे दगडाने लपवून ठेवले असे कोणी म्हणायला नको.

तुमच्या सह्याद्रीचा काळा दगड वयाने माझ्याहून थोरला. मी जन्मलो चिलीच्या वाळवंटाखाली. तिथे खोलवर खडकाचा तापलेला रस निवत होता आणि त्यातून सुटलेले उकळते पाणी भेगाभेगांतून वर चढत होते. जाता जाता त्या पाण्याने एका भेगेत तांबे, गंधक आणि सोमल, म्हणजे आर्सेनिक, टाकले. या तिघांचा मिळून मी झालो. शेजारी पांढरी गारगोटी होती, सोन्याचा आव आणणारा पिवळा माक्षिक दगड होता. आम्ही काळोखात सुखाने पडून होतो.

मग माणसांनी खाण उघडली. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी खाली कोरत नेला. वरच्या पायऱ्या गंजासारख्या तांबड्या. त्यांच्यातले तांबे जुन्या काळच्या पावसाने केव्हाच धुऊन खाली नेले होते. त्यांच्याखाली हिरव्या-निळ्या दगडांचा थर. त्याचे कौतुक सगळ्यांना. त्याखाली तांब्याने गच्च भरलेला काळपट थर, आणि त्याच्याही खाली मी.

सुरुंग उडाला आणि मी उन्हात आलो. एवारिस्तो कोल्के सुरुंगासाठी भोके पाडणाऱ्या यंत्रावर होता. माझी पोलादी चमक पाहून त्याने मला उचलले.

"काय रे, बायकोला सोनं सोडून दगड नेतोस?" सोबती हसले.

"बायकोला नाही, पोरीला. आणि तुझ्या बायकोच्या सोन्यापेक्षा हा जास्त चकाकतो!"

त्याची निदिया सात वर्षांची होती. तिने मला खिडकीत ठेवले. सकाळी माझ्यावर राखाडी धूळ बसलेली असे. ती झग्याच्या टोकाने पुसून काढी. ती धूळ माझी नव्हती, मित्रांनो. गावाच्या टोकाला भट्टी होती. तिथे माझे भाऊबंद भाजले जात. तांबे खाली उरे. गंधक आणि सोमल धुराड्यातून वर जाई आणि मग गावावर उतरे. दोरीवरच्या कपड्यांवर, पाण्याच्या टाकीत, घरी भाजलेल्या पावावर.

निदियाला खोकला लागला. तळहातांवर डाग उठले. खाणीचा डॉक्टर घरी आला आणि त्याची नजर खिडकीकडे गेली.

"हा दगड कुणी आणला? यात सोमल असतो. आजच्या आज बाहेर फेका."

"आणि ते धुराडं, डॉक्टर?" निदियाच्या आईने, ओर्फेलिनाने विचारले.

"धुराडं काय, बाई, सगळ्यांनाच आहे."

एवारिस्तो मला घेऊन बाहेर पडला. "मीच आणला," तो पुटपुटत होता, "माझ्याच हाताने विष घरात आणलं." मला ओरडून सांगायचे होते की अरे, गार पडलेला दगड अंगातले विष असे उधळत नाही, त्याला आधी आगीत घालावे लागते! पण दगडाचे कोण ऐकतो? त्याने मला टाकाऊ खडकांच्या ढिगावर भिरकावले.

खोकला थांबला नाही. पुढच्या हिवाळ्याआधी निदिया गेली.

मग एक दिवस ओर्फेलिना ढिगावर चढून आली. दुपारभर दगड उलथेपालथे करत राहिली. मी सापडलो तेव्हा तिची बोटे सोलवटली होती. तिने मला थेट खाणीच्या कचेरीत नेले आणि मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवले. मागे दारात गल्लीतल्या बायका उभ्या होत्या.

"हा दगड वर्षभर माझ्या घरात नव्हता, साहेब. मग माझी लेक कशानं गेली?"

साहेबांनी मला उजेडात धरून फिरवले. "नमुना फार सुंदर आहे," ते म्हणाले. "बसा ना, बाई."

ती बसली नाही. बायकाही हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भट्टीवरची माणसे कामावर गेली नाहीत. शेवटी कंपनीने वचन दिले आणि पाळलेही: धुराडे दुप्पट उंच केले. भाषणे झाली, बँड वाजला.

मला कचेरीतल्या काचेच्या कपाटात ठेवले. खाली चिठ्ठी आहे: 'एनार्जाईट. दुर्मीळ स्फटिक.' शाळेतली मुले काचेला नाक लावून बघतात. त्यांच्या बाई सांगतात, "लांब उभे राहा, विषारी आहे तो."

एवारिस्तो निवृत्त झाला त्या दिवशी कपाटापाशी आला. टोपी काढून उभा राहिला. "मीच आणला तुला," तो म्हणाला आणि निघून गेला. इतक्या वर्षांत खाणीकडून त्याला कोणीच सांगितले नव्हते की दोष त्याचा नाही. ओर्फेलिनाने सांगितले असेल. पण त्याला ते डॉक्टरच्या तोंडून ऐकायचे होते.

गावात आता धूळ कमी बसते. उंच धुराड्याचा धूर डोंगरापलीकडे जातो. तिकडे शेळ्या-लामा पाळणाऱ्यांची घरे आहेत. दगड नेऊन ठेवायला त्यांच्याकडे कचेरी नाही, टेबल नाही.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. दगडाला काही होत नाही. वारा कुठे वाहतो तेवढे बघा, आणि तिकडे कोण राहते ते विचारा.