साडेतीन सेकंदांचं हसू

स्टुडिओत सगळे त्यांना कानसेन म्हणायचे. तारेचा सूर केसभर उतरला तरी काचेपलीकडून त्यांचा हात वर जायचा. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे आवाज टेपवर उतरवून ते निवृत्त झाले होते.

एकदा न्हाव्याकडे खुर्चीत बसले असताना रेडिओवर नाचाचं एक नवं गाणं लागलं. ठेका मधेच थांबला आणि एक लहान मूल हसलं. आधी खुदकन, मग श्वास अडकून उचकी लागल्यासारखं. कानसेनांच्या अंगाला असं कापरं भरलं की न्हाव्याने वस्तरा बाजूला घेतला. अर्धी दाढी तशीच ठेवून ते उठले.

ते हसू त्यांच्या मुलीचं, ठकीचं होतं. ती सहा वर्षांची असताना एका बालगीताच्या रेकॉर्डिंगला ते तिला घेऊन गेले होते. माइकसमोर ती हसली, संगीतकाराला आवडलं, आणि हसू गाण्यात राहून गेलं. पुढच्याच वर्षी तापाचं निमित्त झालं आणि ठकी गेली. तेव्हापासून घरात तिचं नाव कुणी काढलं नव्हतं. नवरा-बायको दोघंही त्या दुखऱ्या जागेला वळसा घालूनच वावरायची.

आता तिच्या हसण्यावर परकी माणसं नाचणार, हे कानसेनांना सोसवेना. बायकोच्या जखमेवरची खपली निघायला नको म्हणून तिला काही न सांगता त्यांनी एक वकीलबाई गाठली.

वकीलबाईंनी आधी हात टेकले. कानसेन तेव्हा रेकॉर्ड कंपनीचे पगारी नोकर होते, रेकॉर्डिंगचे हक्क कंपनीचे. त्यातला तुकडा कुणाला वापरू द्यायचा ते कंपनी ठरवणार, आणि नव्या गाणेवाल्यांनी तर रीतसर परवाना घेतला होता. पण जुना करार मागवून वाचल्यावर त्या थांबल्या. गायिका, कोरस, वादक, सगळ्यांच्या सह्या त्यात होत्या. मुलीचा उल्लेखच नव्हता, आईबापांची संमतीही नव्हती.

"कागदावर तुमची मुलगी नाहीच," त्या म्हणाल्या. "तेवढी एक फट आहे."

त्या फटीतून सहा महिने पत्रं गेली-आली. कंपनीला कोर्टकचेरी नकोच होती. शेवटी तडजोड झाली: हसू नव्या गाण्यातून काढायचं, आणि त्याची एकूण एक प्रत नष्ट करायची. दुसरी अट कानसेनांनी स्वतः घातली होती. सही करून घरी येताना त्यांना हलकं वाटलं.

बायको रोज दुपारी खालच्या शिंपिणीकडे काजं-बटणं करायला जाऊन बसायची. तिथे दिवसभर रेडिओ चालू असे. गाणं बदललं त्या आठवड्यात एका दुपारी ती लवकर वर आली आणि चपलाही न काढता दारातच बसली.

"आज ठकी हसली नाही," ती म्हणाली.

कानसेनांना आधी काही कळेना. मग कळलं. सहा महिने ती त्या हसण्यासाठीच खाली जात होती. नवऱ्याला त्रास होईल म्हणून तिनेही अवाक्षर काढलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगून टाकलं. ती रडली नाही.

"ती गेली तेव्हा घरातल्या तिच्या आवाजाच्या कॅसेटी पुसल्यात, तेव्हाही मला विचारलं नव्हतंत," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते कंपनीत गेले. एक तरी प्रत द्या म्हणून हात जोडले. तिथल्या माणसाने कपाटं उघडून दाखवली, कॉम्प्युटरही दाखवला. वाईट वाटत होतं त्याला, पण मूळ टेपसुद्धा अटीप्रमाणे गेली होती. बाजारात ते बालगीत आता कुठेच उरलं नव्हतं, आणि नवं गाणंही सगळीकडे बदललं होतं.

संध्याकाळी ते बायकोजवळ जमिनीवर बसले. मग म्हणाले, "त्या दिवशी ती का हसली, सांगू?"

बायकोने मान वर केली.

"गाणं ऐन रंगात होतं. मी काचेमागे हेडफोन नाकावर लावून बसलो. तिने बघितलं. आधी तोंडावर हात ठेवला तिने. मग राहवेना."

"हात कुठला? डावा?"

"डावा."

बायकोने आपला डावा हात तोंडापाशी नेला. मग त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "पुन्हा सांगा. पहिल्यापासून."