उजवी बाजू

कॅप्सूल तळहाताच्या घामाला चिकटली होती, अर्धी पिवळी, अर्धी मळकट पांढरी... चिझुरुने ती गिळली, कारण नवरा समोर बसून बघत होता. संध्याकाळची आठची कॅप्सूल मात्र तो कारखान्यातून यायच्या आत असायची, आणि ती गेले चार महिने सिंकच्या जाळीतून खाली जात होती.

मग तिचा नवरा कुनिहिको तिला गाडीने तपासणीला घेऊन निघाला. चमच्यांना झिलई देऊन काळी पडलेली त्याची बोटं स्टिअरिंगवर होती. याच माणसाने बारा वर्षांपूर्वी आपलं मूत्रपिंड काढून दिलं होतं — त्याचा रक्तगट ए, हिचा बी. तिच्या रक्ताने ते बघताक्षणी फाडून टाकलं असतं, म्हणून आठवडाभर ते रक्त यंत्रातून गाळून, त्यातलं वैर काढून परत अंगात सोडलं होतं. अख्ख्या गल्लीने त्याला डोक्यावर घेतलं. मग तिच्या सूपमधलं मीठ तो ठरवू लागला, पाहुण्यांपुढे ‘माझं मूत्रपिंड आज दमलंय’ म्हणू लागला, आणि तिसऱ्या वर्षी, खारवलेल्या मुळ्याच्या दोन फोडी जास्त खाल्ल्या म्हणून, त्याने पहिल्यांदा मारलं. पाठीत, दंडावर, डाव्या बरगडीवर. उजवं ओटीपोट सोडून, जिथे ते मूत्रपिंड बसवलं होतं. तिला वाटलं, दया... छे! स्वतःच्या वस्तूवर कोण लाथ मारतो? तेव्हापासून त्याचा हात उठला की ती उजवी बाजू पुढे करायची. मी ढालीमागे उभी आहे, तिला वाटायचं, आणि ढालही त्याचीच आहे.

डॉक्टर हयामीबाईंनी तपासणीचा कागद वळवून दाखवला. मूत्रपिंड आतून सुजू लागलं होतं.

“बी गटाचीच ना ही, ती माणसं असलीच,” कुनिहिको म्हणाला. “आपमतलबी रक्त. बारा वर्षं माझ्या जिवावर जगलं आणि उलटलं.”

बाई हसल्या नाहीत. रक्तगटांचं भांडण पहिल्या महिन्यातच मिटलं होतं, असं त्यांनी सांगितलं. ए गटावर धावून जाणारी ती जुनी प्रतिपिंडं रक्तात परतही आली, पण तोवर मूत्रपिंड त्यांना सरावलं होतं. आताची ही प्रतिपिंडं नवी होती. औषधाचा पहारा ढिला पडला की उठतात तशी. आत्ता आवरलं तर अजून काही वर्षं निघतील, नाहीतर दोनेक वर्षांत डायलिसिस.

“चिझुरुसान, गोळ्या चुकतात का?”

तिने तो कागद उचलून त्याची घडी घातली. डायलिसिसच तर हवं होतं तिला — आठवड्यातून तीनदा सुया, पण ते यंत्र कुणाच्या उपकाराचं नसतं. खून करत होते मी, तिच्या मनात आलं, शांतपणे, रोज आठ वाजता, त्याच्या एका तुकड्याचा... आणि कुनिहिको तिच्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं.

घरी त्याने बूटही काढले नाहीत. दार लावलं आणि पहिली थप्पड कानावर बसली. सवयीने तिने उजवी बाजू पुढे केली.

“कोणाचं आहे ते?” त्याने विचारलं, आणि मूठ नेमकी तिथेच मारली.

पोटात काहीतरी लाल फुटलं. ती वाकली, दोन्ही हात ओटीपोटावर घट्ट दाबून, आणि दुसरी मूठ तिच्या मनगटावर बसली. मनगटावर, आत नाही. आपण कशाला झाकतोय हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं. जे चार महिने मारत होतो त्यालाच?

“हात लावू नका,” ती म्हणाली. “माझं आहे ते.”

बूट घालायची लांब लोखंडी पट्टी हातात कधी आली, तिला कळलं नाही. त्याच्या गालातून रक्त येत होतं आणि तो उंबऱ्याशी गोंधळून उभा होता, पुढे यावं की मागे सरावं हे न ठरल्यासारखा. तिने पट्टी पुन्हा उचलली. पोटातली कळ थांबत नव्हती. डॉक्टरबाईंना आजच्या आज सगळं सांगायचं, गोळ्यांसकट, खरं खरं. तिला जगायचं होतं — इतक्या द्वेषाने जगायचं होतं की तिला स्वतःचीच भीती वाटली.